पत्रिकेतला हवालदार

६ फेब्रुवारी २०००

अभिच्या घरी कोथरूडला आमच्या लग्नपत्रिकेची बैठक. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, साबुदाण्याची खिचडी केली होती. मजकूर जवळजवळ ठरला. रजिस्टर लग्न आणि मग हॉलवर जेवण. आमची वंदना नाही, त्यांची सप्तपदी नाही. एवढं ठरायला सगळा पावसाळा आणि अख्खी दिवाळी गेली. आम्ही बौद्ध, ते ब्राह्मण. तेही मिटलं. आता फक्त कागद, रंग आणि नावं. मेमध्ये लग्न, जूनमध्ये अभि अमेरिकेला, व्हिसा आला की मागोमाग मी.

मग काकू सहज म्हणाल्या, "करुणा, तुझ्या वडिलांच्या नावापुढे काय लिहायचं?"

"हवालदार, निवृत्त."

काकांनी, अभिच्या वडिलांनी, चष्मा काढून पुसला. काकू म्हणाल्या, "अगं, पण लोकांना वाटेल पोलिसात होते."

"सैन्यात होते, काकू."

"मला माहितेय गं. वाचणाऱ्याला कुठे माहितेय? हवालदार म्हटलं की चौकात शिट्टी फुंकणारा पोटसुट्या माणूसच येतो डोळ्यांसमोर. 'माजी लष्करी अधिकारी' लिहू या. भारदस्त वाटतं."

अभि मोबाइलशी खेळत होता. नवीन आहे, सुटत नाही हातातून. मी खिचडी चिवडत बसले. एरवी ऑफिसात ऱ्हस्व-दीर्घावरून भांडते.

७ फेब्रुवारी

ऑफिस. मराठी शब्दकोशाची सीडी करणारे आम्ही सहा जण, एका फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरात सर्व्हर. काम 'क'वर अडकलंय. 'ह' यायला पावसाळा उजाडेल. तरी आज 'ह' उघडून बसले.

जुन्या कोशांत 'हवालदार'चे चार-पाच अर्थ. सैन्यातला एक हुद्दा. पोलिसातला एक हुद्दा. खळ्यावरचं धान्य सारा भरेपर्यंत राखणारा सरकारी माणूस. किल्ल्यावरचा मुख्य.

किल्ल्यावरचा मुख्य! हे काकूंना...

नाही. आधी आप्पांना, माझ्या वडिलांना, सांगायला हवं की असं असं बोलणं झालंय. तेच जमत नाहीये.

१३ फेब्रुवारी, रविवार, हडपसर

सांगितलं. खरं म्हणजे आईनेच सांगितलं. तिने आधीच माझ्याकडून काढून घेतलं होतं, माझ्या पोटात फार काही राहत नाही हे तिला माहीत आहे. आप्पा ओट्यावर बूट पॉलिश करत होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी रविवारचं पॉलिश चुकत नाही. अभिही आला होता.

आप्पा हसले आधी. "अधिकारी? ज्यांना जलमभर सॅल्यूट ठोकला त्यो मी कसा झालो गं?"

अभि उत्साहाने म्हणाला, "आप्पा, हवालदार हा नॉन-कमिशन्ड ऑफिसरच असतो ना? ऑफिसर शब्द आहे त्यात. खोटं नाही होत."

"त्यात नॉन बी हाय की."

सगळे हसलो. मला वाटलं मिटलं. जेवताना मात्र आप्पा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "माझं नावच नगं पत्रिकेत. हिचं घाला."

आई म्हणाली, "माझं घाला. मी अधिकारी बी न्हाई आन हवालदार बी न्हाई. कुणाला कायबी अडचण न्हाई."

कुणी हसलं नाही.

हॉस्टेलवर परत येताना बसमध्ये अभि स्वारगेटपर्यंत तिकिटाच्या घड्या घालत होता. उतरताना म्हणाला, "एवढं काय आहे त्या शब्दात?" म्हटलं, "तेच बघतेय."

१६ फेब्रुवारी

सरांना विचारलं. सर आमचे संपादक, फारसीचे जाणकार. चहाचा कप खाली न ठेवता सांगायला लागले. हवाला हा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला. एकाकडून दुसऱ्याकडे सोपवणं. 'दार' म्हणजे धरणारा, बाळगणारा. जमादार, सुभेदार, फौजदार, सगळे त्याच घरातले. हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली काही केलंय तो.

शेजारच्या टेबलावरचा प्रसन्न म्हणाला, "मला वाटायचं हवेवरून आलाय. पोलीस हवा खात फिरतात म्हणून." सरांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

शिवकाळात किल्ल्याच्या दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे असायच्या, सर म्हणाले. संध्याकाळी दरवाजा त्याच्या देखत बंद, सकाळी त्याच्या देखत उघडा. पुढे कंपनी सरकारच्या पलटणी आल्या, तिथे साहेब वर बसला आणि हवालदार खाली सरकला. मग पोलीस आले. "शब्दांचीही पदावनती होते," सर म्हणाले, "आपल्याला काय, आपण फक्त नोंद करायची."

हवालदिल? तो वेगळ्या मुळातला, 'हौल' म्हणजे धास्ती, त्यावरून असावा म्हणाले, पण बघून सांगतो. मला आज तोच लागू आहे.

२० फेब्रुवारी, हडपसर

धावतपळत गेले. आप्पांना सगळं सांगितलं. किल्ला, किल्ल्या, दरवाजा. अगदी रंगवून. "आप्पा, काकूंना हे सांगितलं ना की बघा!"

ते ऐकून घेत होते. कुणी काही सांगत असलं की मान थोडी तिरकी करून ऐकतात, तसे.

"मंजे तीनशे वरसांपूर्वी त्यो मोठा व्हता, म्हणून मी मोठा?"

"तसं नाही, पण..."

"तू म्हणतीस शबुद वरनं खाली आला. आला आसंल. मी खालनं वर गेलो, पोरी. शिपाई म्हणून भरती झालो. मग लान्स नायक. मग नायक. मग हवालदार. एकेक फीत खांद्यावर... न्हाई, दंडावर," असं म्हणून दंडाला हात लावला, "एकेक फीत चढाया किती वरसं लागली तुला ठावं हाय? आता तुमी लोक मला त्याच्या बी वर बसवताय, आन कशापाई, तर वाचणाऱ्याला बरं वाटावं."

आणि मग, आत जाता जाता: "आन पोलिसाला का नावं ठेवायची? त्यो बी शिपायाचा हवालदार होतो, आपसूक न्हाई होत. उन्हात हुबा ऱ्हातो."

मी किल्ल्याची टिपणं पर्समध्ये घालून परत. फार लाज वाटली असंही नाही. पण मी चुकीच्या मुद्द्यावर वकिली करत होते हे कळलं.

२ मार्च

अभि: "मी आईशी बोलतो." गेले तीन आठवडे हेच.

मी: "रोज कामासाठी अमेरिकेशी बोलतोस. आई तर पुढच्या खोलीत असते."

तो चिडला. मग मी. कर्वे रस्त्यावर, भर ट्रॅफिकमध्ये, त्याच्या स्कूटरवर मागे बसून भांडण. सिग्नलला शेजारचे काका आमचं ऐकत होते, हिरवा झाला तरी निघेनात.

अभिचं म्हणणं, आई वाईट नाही. मान्य. मला पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं होतं, तुला वांगं चालतं ना. पण प्रश्न पोलिसाचा नाहीये. आडनाव तर पत्रिकेत येणारच, ते वाचून ज्याला जे कळायचं ते कळणारच. त्याला झाकायला वर 'अधिकारी' घालायचं, हे मला कळतं. त्यांनाही कळत असणार. बोलत कुणीच नाही.

अभिला हे आज पहिल्यांदा असं उघड म्हणाले. त्याने स्कूटर कडेला घेतली. मग म्हणाला, "हो."

नुसतं "हो." बरं वाटलं.

११ मार्च

आप्पा माझ्याशी नीट बोलतायत पण पत्रिकेचा विषय काढत नाहीत. आई फोनवर हळू आवाजात: "नावाशिवाय पत्रिका छापली तर त्ये लग्नाला येत्यात का न्हाई, मला सांगता येत न्हाई बग."

म्हणजे इथवर आलंय.

हॉलवाला विचारतोय, छापखानेवाला विचारतोय.

१९ मार्च, हडपसर

हे सगळं नीट लिहून ठेवायचंय.

काकू आल्या. एकट्या, बसने, स्वारगेटला बदलून. अभिने त्यांना काय सांगितलं माहीत नाही. फक्त सकाळी त्याचा फोन, "आई निघालीय तुमच्याकडे, मी नाहीये बरोबर, तिनेच नको म्हटलं." आईची धांदल. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुन्हा बदलून साधा घातला.

काकू दमून आल्या होत्या. पाणी प्यायल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची तसबीर, आणि मध्ये आप्पांचा गणवेशातला फोटो. त्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता पत्रिका. पण त्यांनी भलतंच विचारलं.

"अहो, एक विचारू? तुम्ही नेमकं करायचात काय? हवालदार म्हणजे दिवसभर काम काय असतं?"

हे आप्पांना कधी कुणी विचारलं नसावं. मी तरी नाही.

आप्पा खुर्चीत सरळ झाले. काकूंपुढे शहरी बोलायचा प्रयत्न, मध्येच हिंदी, मग आपलं नेहमीचं. "काम काय ताई, पोरं सांभाळायची. सकाळी हजेरी. कुणाचे बूट फाटले, कुणाला जुलाब लागले. कुणाची बायको बाळंत हाय, रजा पायजे. साहेबाला वरनं हुकूम येतो, त्यो आमाला देतो. पोरांना त्यो कळंल असा सांगायचा, आन पोरांचं रडगाणं साहेबाला कळंल असं सांगायचं. मधला माणूस." मग हसून, "घरात आई असती तसं."

काकू हसल्या. आई पण, दारात उभी राहून.

मग काकू म्हणाल्या, "मग 'अधिकारी' म्हटलं तर इतकं वाईट का वाटलं तुम्हाला? मी अपमान करायला नव्हतं म्हटलं."

आप्पांनी आईकडे बघितलं. आईने मान हलवली, म्हणजे सांगा.

"कोरेगावाकडचा एक पोरगा व्हता माझ्याकडं. बर्फातल्या चौकीवर तापानं गेला. गोळीनं न्हाई, तापानं. हेलिकॉप्टर यायला हवा साफ नव्हती. त्याची ट्रंक घरी पोचवायचं काम मला दिलं, आपल्याकडचा म्हणून. ट्रंकेत काय, स्वेटर, आरसा, दाढीचं सामान. आन आईसाठी घेतलेली शाल, घडी न मोडलेली. गावात गेलो. म्हातारी जोत्यावर बसलेली. तिनं इचारलं, तुमी कोण? म्हटलं, मी त्याचा हवालदार. तर म्हणाली, मंजे मी पोरगं तुमच्या हवाली केलं व्हतं."

काकूंचा हात तोंडावर गेला.

"मला बोल लावाया न्हाई म्हणाली, ताई. नीट समजून घ्याया म्हणाली."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार. व्हय म्हटलं."

बाहेर कुणाची तरी रिक्षा वळत होती.

"जेवायला वाढलं तिनं. जेवलो. तवापासनं दर दिवाळीला जातो."

दर दिवाळीला आप्पा एक दिवस 'गावाकडं काम हाय' म्हणून जातात. मला वाटायचं, जमिनीचं काहीतरी. आईला माहीत होतं. मला इतकी वर्षं नाही.

आप्पा म्हणाले, "करुणाची पत्रिका तिला द्यायची हाय. तिला वाचता येत न्हाई, पन नातू वाचून दाखवील. त्यात अधिकारी लिवलं तर ती म्हणंल, ह्यो कोण? तिला मी हवालदारच ठावं हाय."

काकूंनी पदराने डोळे पुसले, मग एकदम म्हणाल्या, "शाल कोणत्या रंगाची होती हो?"

"तपकिरी. कडंला नक्षी."

"हं," म्हणाल्या, जणू हे कळायलाच हवं होतं.

जेवून गेल्या. आईच्या हातचं कालवण दोनदा घेतलं आणि डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने. बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. बस येताना दिसली तेव्हा म्हणाल्या, "अभिचे वडील सुरुवातीला बँकेत क्लार्क होते, तेव्हा मी मैत्रिणींना 'अधिकारी'च सांगायचे. सवय लागते." आणि चढल्या.

२६ मार्च

छापखान्यातून कच्चा मसुदा आला. काकूंनी परस्पर मजकूर दिलेला. 'हवालदार (निवृत्त), भारतीय सेना'. इतर नावांएवढ्याच अक्षरात. फार मोठं नाही, लहान नाही.

आप्पांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. "माझ्या नावात 'व' ऱ्हायलाय," म्हणाले. खरंच राहिला होता. शब्दकोशवाल्या मुलीच्या नजरेतून सुटला.

दुरुस्त करून पाठवला.

३१ मार्च

सरांनी 'ह' आत्ताच पुरा करायला घेतला, कारण मी तिथे रेंगाळतेय हे त्यांना दिसतंय. हवालदारची नोंद मी लिहिली. व्युत्पत्ती, मग अर्थ. सरांनी पोलिसाचा अर्थ पहिला ठेवला. आज लोक त्याच अर्थाने जास्त वापरतात म्हणून. भांडायला उभी राहिले होते, आप्पांचं 'उन्हात हुबा ऱ्हातो' आठवलं आणि बसले. सैन्याचा दुसरा. किल्ल्याचा तिसरा, 'ऐतिहासिक' अशी खूण घालून.

उदाहरणासाठी वाक्य द्यायचं असतं. सैन्याच्या अर्थासमोर लिहिलं: 'हवालदाराने तुकडीची हजेरी घेतली.' याहून जास्त काही सुचलं होतं. ते कोशात बसत नाही.

९ एप्रिल

आप्पा-आई कोरेगावला जाऊन पत्रिका देऊन आले. म्हातारीला आता कमी दिसतं. नातवाने वाचून दाखवली. येते म्हणाली, गुडघे काय म्हणतात बघून. आई सांगत होती, आप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसतात, खुर्ची दिली तरी.

अभिला सांगितलं. तो म्हणाला, "मी तिला आणायला गाडी घेऊन जातो." गाडी त्याला चालवता येत नाही. ड्रायव्हर बघतोय.

१६ एप्रिल

सगळं सरळ झालं असं वाटत असतानाच सदाशिव पेठेतल्या मोठ्या काकांचा निरोप. अभिच्या वडिलांचे थोरले बंधू. घरात त्यांचा शब्द मोठा. ते आले नाहीत तर त्यांच्या मागचं अर्धं घर येणार नाही. पत्रिका हातात द्यायला अभिचे वडील गेले, तर दारातच म्हणाले, "पोस्टाने पाठवली असती तरी चाललं असतं." मग मजकूर वाचून, "हवालदार? हे छापून मिरवायचं काय कारण?"

अभिचे वडील पत्रिका तिथेच ठेवून परत आले. ते बोलत नाहीतच फारसे.

अभिने मला हे स्वतः सांगितलं, लपवलं नाही. पूर्वी लपवलं असतं. आप्पांना सांगायचं का, यावर आमचं एकमत होईना. शेवटी मीच सांगितलं. ते म्हणाले, "बरं." पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं. "वयानं मोठे हायेत. त्यांना येळ लागंल."

किती वेळ, विचारलं नाही.

२३ एप्रिल, हडपसर

सकाळी काकूंचा फोन, मला नाही, आप्पांना. घरातल्या फोनवर. आई कान लावून.

काकू म्हणाल्या, मी स्वतः जातेय मोठ्या भावजींकडे. एकटी नाही जाणार. तुम्ही याल का बरोबर? त्यांनी तुम्हाला बघितलंच नाहीये. बघू देत. काय बोलायचं ते तुम्ही बोला, मला जमणार नाही.

आप्पा विचारत होते, "अपमान केला तर?"

काकू काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. आप्पांचा चेहरा मात्र सैल झाला. मागून विचारलं तर सांगितलं, "म्हणाल्या, तर दोघांचा मिळून होईल."

दुपारी चारला रिक्षा घेऊन काकू आल्या. कोथरूडहून थेट हडपसरला, उलट्या दिशेने, फक्त आप्पांना घ्यायला. आप्पांनी कोट घातला. आई म्हणाली, पदकं लावा की. ते म्हणाले, "नको. लगीन हाय, परेड न्हाई." काकूंनी मोठ्या काकांसाठी चिवडा घेतला होता, त्यांना पोह्यांचा आवडतो म्हणे. रिक्षात दोघं दोन कडेला बसले, मध्ये पिशवी.

वळणावर रिक्षा दिसेनाशी होताना काकू आप्पांना काहीतरी सांगत होत्या आणि आप्पा मान तिरकी करून ऐकत होते.

आता सात वाजलेत. अजून आले नाहीत. अभि इथेच आहे, आईला लसूण सोलून देतोय, फार वाईट सोलतोय. आई म्हणतेय, येवढा वेळ लागला म्हंजे आत तरी घेतलं असंल.